कच्च्या मातीची पक्की शाळा

मराठीत घरांची विभागणी दोन शब्दांत होते. माती, कूड, पेंढा यांचे ते कच्चे घर. वीट, सिमेंट आणि स्लॅब यांचे ते पक्के घर. सरकारी तक्त्यांनी ही विभागणी उचलून धरली आणि हळूहळू या दोन शब्दांना बांधकामाबरोबरच प्रतिष्ठेचाही अर्थ येऊन चिकटला. कच्च्या घरातला माणूस मागासलेला, पक्क्या घरातला पुढारलेला, असे समीकरण गावोगावी रूढ झाले. गावात शाळा उभारण्याची वेळ आली की ती पक्कीच हवी, हा ग्रामस्थांचा आग्रह म्हणूनच समजण्याजोगा आहे. शाळा म्हणजे गावाने आपल्या मुलांच्या भवितव्याविषयी दिलेली ग्वाही. ती मातीची कशी असेल?

पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो या देशातल्या गांदो नावाच्या खेड्यात 2001 साली मातीची एक प्राथमिक शाळा पूर्ण झाली, आणि हाच प्रश्न जगातील वास्तुविशारदांना नव्याने पडला. निसर्गाला ओरबाडून न घेता, इंधनाची उधळपट्टी न करता, दीर्घकाळ टिकणारी शाळा कशी बांधावी, याची चर्चा आज सर्वत्र चालते. ती चर्चा नवी भासली तरी तिची मुळे सव्वाशे-दीडशे वर्षे मागे जातात. गांदोच्या शाळेचे मोल कळण्यासाठी तो इतिहास थोडक्यात पाहणे अगत्याचे आहे.

प्रकाश, हवा आणि औषध

इंग्लंडमध्ये 1870 साली प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि एकट्या लंडन शहरात शेकडो शाळा बांधण्याची निकड निर्माण झाली. लंडन स्कूल बोर्डाचे वास्तुविशारद ई. आर. रॉबसन यांनी 1874 मध्ये शालेय वास्तुरचनेवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रकाश मुलांच्या डाव्या बाजूने यावा, म्हणजे लिहिणाऱ्या उजव्या हाताची सावली कागदावर पडणार नाही, इतक्या बारीक गोष्टीचा विचार त्या काळी होत होता. खिडक्या उंच असत, छतही उंच असे. विजेचे दिवे नव्हते आणि पंखेही नव्हते; त्यामुळे सूर्य आणि वारा यांच्याशी जुळवून घेण्यावाचून गत्यंतर नव्हते.

पुढे क्षयरोगाच्या भीतीने शाळेच्या भिंतीच उघडल्या. 1904 साली बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्ग येथे अशक्त मुलांसाठी पाइनच्या वनात शाळा सुरू झाली आणि युरोपभर ‘मुक्त हवेतील शाळां’ची चळवळ पसरली. अ‍ॅमस्टरडॅममध्ये यान डाउकर यांनी 1930 साली पूर्ण केलेल्या शाळेत वर्गाच्या कोपऱ्यांतील खांब हलवून तेथे उघडता येणाऱ्या काचा बसवल्या आणि वर्गांना लागून उघडे सज्जे दिले. पॅरिसजवळच्या स्युरेन येथे 1935 साली उभ्या राहिलेल्या शाळेत वर्गाच्या तीन बाजूंच्या काचभिंती घडी करून मिटवता येत, इतकी हवा आणि उन्हाची महती मानली गेली.

1943 साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला. क्षयावर औषध मिळाले तशी उघड्या भिंतींची निकड ओसरली. त्याच सुमारास तेल आणि वीज स्वस्त होत गेली. नळीच्या दिव्यांनी उजेडाचा प्रश्न सोडवला, यंत्रांनी हवेचा. अमेरिकेत तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खिडक्याच नसलेल्या शाळा बांधल्या गेल्या. मुलांचे लक्ष बाहेर जात नाही, असे त्याचे समर्थनही झाले. मग 1973 चे तेलसंकट आले आणि जी यंत्रे अभिमानाने बसवली होती, त्यांचे बिल कोणी भरायचे हा प्रश्न उभा राहिला.

औषध मिळाले म्हणून उजेड विसरला गेला आणि इंधन स्वस्त झाले म्हणून वारा विसरला गेला, असे या साऱ्या कालखंडाचे सार सांगता येईल. ज्ञान हरवले नव्हते. त्याची गरज वाटेनाशी झाली होती.

वॉलसीची काचभिंत

या विस्मरणाच्या काळातही एक अपवाद घडला. लिव्हरपूलसमोरच्या वॉलसी या गावी 1961 साली सेंट जॉर्ज शाळेची नवी इमारत उभी राहिली. तिचे रचनाकार एमस्ली मॉर्गन हे नगरपालिकेच्या सेवेतील वास्तुविशारद. त्यांनी दक्षिणेकडे काचेची प्रचंड दुहेरी भिंत घातली. दोन काचांमध्ये सुमारे दोन फुटांची पोकळी, मागे विटांच्या आणि काँक्रीटच्या जाड भिंती व स्लॅब, आणि त्यांना बाहेरून उष्णतारोधक अस्तर. इंग्लंडच्या थंडीत ही इमारत उबदार ठेवायची ती सूर्याने, दिव्यांनी आणि वर्गात बसलेल्या मुलांच्या अंगातील उष्णतेने! अधिकाऱ्यांच्या समाधानासाठी पाणी तापवून खोल्या उबवणारी नेहमीची यंत्रणाही बसवली होती. परंतु तिची गरज भासली नाही.

अभ्यासकांनी पुढे या शाळेची बारकाईने मोजमापे केली. तेव्हा सूर्याइतकाच दिव्यांचा आणि मुलांचाही वाटा मोठा असल्याचे आढळले. हिवाळ्यात ऊब राखण्यासाठी खिडक्या बंद ठेवल्या की वर्गात कोंदट वास येई, ही उणीवही नोंदली गेली. खिडकी केव्हा उघडावी, किती उघडावी, दिवे केव्हा लावावेत, हे तेथे यंत्र ठरवत नव्हते; शिक्षकांना आणि रखवालदाराला ते ठरवावे लागे. त्यांना इमारतीचा स्वभाव कळला तर ती उत्तम चाले. न कळला तर मुले गुदमरत. इमारत कितीही बुद्धीने बांधलेली असो, तिच्यात वावरणाऱ्यांना ती समजली नाही तर ती अर्धीच राहते, हा वॉलसीचा धडा. गांदोने तो पूर्णत्वास नेला.

मुखियाचा मुलगा

दिएबेदो फ्रान्सिस केरे यांचा जन्म 1965 साली गांदो येथे झाला. राजधानी वागादुगूच्या आग्नेयेस असलेले हे खेडे. त्या वेळी या देशाचे नाव अपर व्होल्टा होते. बुर्किना फासो हे नाव 1984 मध्ये आले. केरे यांचे वडील गावचे मुखिया. त्यांना आलेली पत्रे वाचून समजावून सांगणारे कोणी तरी घरात असावे म्हणून त्यांनी थोरल्या मुलाला शाळेत घालायचे ठरवले. गावात शाळा नव्हती. म्हणून सातव्या वर्षी मुलाला घर सोडून नातेवाइकांकडे दुसऱ्या गावी राहावे लागले. तेथील शाळा सिमेंटच्या ठोकळ्यांची होती, म्हणजे आपल्या भाषेत पक्की. त्या अंधाऱ्या, हवा न खेळणाऱ्या खोलीत शंभराहून अधिक मुले दाटीने बसत आणि उन्हाळ्यात ती खोली भट्टीसारखी तापे.

पुढे सुतारकामाच्या प्रशिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळून केरे 1985 साली बर्लिनला गेले. दिवसा काम आणि रात्री अभ्यास करून त्यांनी शालेय शिक्षण पुरे केले आणि बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात वास्तुशास्त्राला प्रवेश घेतला. सुटीत गावी येऊन परत निघताना गावातल्या बायका आपल्या वस्त्राच्या गाठीतली शेवटची नाणी त्यांच्या हातावर ठेवीत, ही आठवण त्यांनी जाहीर भाषणांतून सांगितली आहे. गावाने एकाला शिकवले होते. त्या एकाने गावाला काय द्यायचे?

केरे यांनी विद्यार्थीदशेतच, 1998 साली, गांदोच्या शाळेसाठी निधी उभारणारी संस्था जर्मनीत स्थापन केली. कॉफी आणि सिगारेटवरचा खर्च थोडा कमी करा आणि तो पैसा शाळेसाठी द्या, असे त्यांनी आपल्या सहाध्यायांना विनवले. सुमारे 50,000 डॉलर जमले आणि काम सुरू झाले.

तेव्हा खरी अडचण उभी राहिली. शाळा मातीची बांधायची आहे, हे ऐकून गावकरी निराश झाले. मातीच्या घराचे काय होते हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते? दर पावसाळ्यात भिंती विरघळत, दर वर्षी त्या पुन्हा लिंपाव्या लागत. इतकी वर्षे परदेशात राहून, शेतीत हात न लावता, हा मुलगा शिकला ते हेच काय, असा त्यांचा रोकडा सवाल होता. या प्रश्नात अडाणीपणा नव्हता. पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता. म्हणून त्याला भाषणाने उत्तर देऊन चालण्यासारखे नव्हते. केरे यांनी भिंतीचे आणि कमानीचे नमुने बांधून दाखवले, त्यांच्यावर भार टाकून दाखवला. डोळ्यांनी पाहिले तेव्हा लोकांनी विश्वास ठेवला.

छपराखालचे छत

या शाळेची रचना समजून घेण्यासारखी आहे. भिंतींसाठी स्थानिक मातीत थोडे सिमेंट मिसळून, ती साच्यात दाबून ठोकळे पाडले. हे ठोकळे भाजावे लागत नाहीत, त्यामुळे जळणासाठी झाड तोडावे लागत नाही. मातीची जाड भिंत दिवसाची उष्णता हळूहळू पिते आणि रात्री ती बाहेर सोडते. भर दुपारी वर्ग त्यामानाने थंड राहतो.

खरी युक्ती छपरात आहे. त्या भागात पक्की इमारत म्हणजे पत्र्याचे छप्पर. पाऊस अडवण्यात पत्र्याचा हात धरणारे काही नाही, परंतु ऊन पडले की तोच पत्रा खाली बसलेल्या मुलांना भाजून काढतो. केरे यांनी पत्रा नाकारला नाही. त्याला वर्गापासून दूर नेले. वर्गावर लोखंडी सळयांच्या आधाराने मातीच्याच ठोकळ्यांचे छत घातले, आणि त्याच्या बऱ्याच वर हलक्या सांगाड्यावर पत्र्याचे छप्पर तोलून धरले. मधल्या मोकळ्या जागेतून वारा वाहतो. वर्गातली गरम हवा छतातील फटींतून वर चढते आणि त्या वाऱ्याबरोबर निघून जाते; तिच्या जागी खिडक्यांतून ताजी हवा आत येते. पत्र्याच्या रुंद पागोळ्या भिंतींपासून दूर पडतात, म्हणून मातीला पावसाची भीती राहत नाही. ज्या पावसाच्या भयाने गावकऱ्यांनी मातीला नकार दिला होता, त्याचे उत्तर भिंतीत न शोधता छपरात शोधले गेले.

छपराचा सांगाडाही विचार करायला लावणारा आहे. मोठ्या तुळया दुरून वाहून आणणे आणि यारीने चढवणे तेथे शक्य नव्हते. म्हणून काँक्रीटमध्ये घालतात त्या साध्या सळयाच जोडून सांगाडा केला. हातकरवत आणि छोटे वेल्डिंग यंत्र एवढ्या साधनांवर गावातल्या तरुणांना हे काम शिकवले. तीन वर्गखोल्या एका ओळीत आणि त्यांच्या मध्ये सावलीच्या मोकळ्या पडव्या, अशी साधी मांडणी. मुलांनी पायासाठी दगड वाहिले, बायकांनी पाणी आणले. जमिनीची माती धोपटून धोपटून घट्ट करण्याचे आणि दगडाने घासून गुळगुळीत करण्याचे परंपरागत कसब बायकांच्या हाती होतेच. पुढे या परिसरात वाचनालय बांधताना गावातल्या बायकांनी घडवलेली मडकी बूड कापून छतात बसवली गेली. त्यांतून उजेड खाली उतरतो आणि उष्ण हवा वर जाते.

2001 साली शाळा पूर्ण झाली तेव्हा केरे यांना पदवीही मिळाली नव्हती. ती मिळाली 2004 साली. त्याच वर्षी या शाळेला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार जाहीर झाला, आणि त्याचे वितरण दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्याच्या परिसरात झाले. 2022 साली केरे यांना वास्तुकलेतील सर्वोच्च मानला जाणारा प्रित्झकर पुरस्कार मिळाला. तो मिळवणारे ते पहिले आफ्रिकी. परंतु या सन्मानांपेक्षा दोन गोष्टी अधिक बोलक्या आहेत. शेजारच्या दोन गावांनी गांदोचे पाहून सहकाराने आपापल्या शाळा बांधल्या. आणि येथे तयार झालेल्या तरुण कारागिरांना नगरातील सार्वजनिक बांधकामांवर काम मिळू लागले. गांदोतही मुलांची गर्दी इतकी वाढली की 2008 साली शाळेचा विस्तार करावा लागला.

पावसाच्या देशातील माती

कोरड्या आफ्रिकेत हे जमले, परंतु मुसळधार पावसाच्या प्रदेशात माती कशी टिकावी, असा प्रश्न आपल्याकडच्या वाचकाच्या मनात येणारच. त्याचे उत्तर बांगलादेशच्या दिनाजपूर जिल्ह्यातील रुद्रपूर या खेड्यात सापडते. आना हेरिंगर ही जर्मन तरुणी 1997 साली ‘दीपशिखा’ या ग्रामविकास संस्थेत स्वयंसेविका म्हणून तेथे आली. पुढे ऑस्ट्रियातील लिन्त्स येथे वास्तुशास्त्र शिकताना तिने रुद्रपूरच्या शाळेचा आराखडा आपल्या पदवीसाठी केला, आणि 2005 साली आइके रोसवाग या सहकाऱ्यासह तो गावकऱ्यांच्या हातांनी प्रत्यक्षात आणला.

तेथील जुन्या मातीच्या घरांचा दोष मातीत नव्हता, पायात होता. घरांना पायाच नसे, त्यामुळे ओल खालून चढे आणि भिंत बुडापासून कुजे. हेरिंगर यांनी विटांचा पाया घातला, त्यावर ओल अडवणारा प्लास्टिकचा थर दिला आणि मग भाताचा पेंढा मिसळून जनावरांच्या पायांनी तुडवलेल्या चिखलाची जाड भिंत थराथराने चढवली. एक थर वाळल्यावर दुसरा. वरचा मजला बांबूचा. दाट वस्तीच्या देशात शेतजमीन वाचवायची तर घर उंच व्हायला हवे, म्हणून दुमजली मातीची इमारत मुद्दाम करून दाखवली. साहित्य गावातलेच असल्याने खर्चाचा मोठा वाटा मजुरीच्या रूपाने गावातच राहिला. 2007 साली या शाळेलाही आगाखान पुरस्कार मिळाला.

आपल्या किनाऱ्यावर

आपल्या पश्चिम किनाऱ्यालाही या विचाराची ओळख होती. बासल मिशनने 1865 साली मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला आणि ती लाल कौले घरांवर, चर्चवर, शाळांवर चढली. उतरते कौलारू छप्पर, खाली उंच पोकळी, पुढे पडवी आणि जांभ्याचे चिरे: पावसाला आणि उकाड्याला एकाच वेळी तोंड देणारी ही रचना होती. फुटलेले कौल बदलायला गावातला माणूस पुरेसा असे. पुढे स्लॅब आला आणि कौलारू शाळा जुनाट ठरली.

केरळात मात्र एका माणसाने ही वाट सोडली नाही. लॉरी बेकर (1917-2007) हे बर्मिंगहॅमचे क्वेकर पंथीय वास्तुविशारद दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चीनमध्ये रुग्णसेवा करून परतताना मुंबईत जहाजाची वाट पाहत थांबले होते. तेथे त्यांची गांधीजींशी भेट झाली. घर पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या साहित्याने बांधावे, हा गांधीजींचा विचार त्यांनी आयुष्यभर उराशी धरला. 1945 साली ते कुष्ठरोग्यांच्या सेवेतील मिशनचे वास्तुविशारद म्हणून भारतात आले आणि येथलेच झाले. तिरुवनंतपुरमचे आर्चबिशप बेनेडिक्ट मार ग्रेगोरिओस यांनी त्यांच्या स्वस्त घरांना पाठबळ दिले. येशूसंघीय धर्मगुरूंच्या लॉयोला संस्थेत त्यांनी चॅपेल बांधले. आणि त्याच शहरातील विकास अध्ययन केंद्राच्या परिसरात त्यांच्या विटांच्या जाळीदार भिंतींतून आजही वारा आणि उजेड गाळून आत येतो.

या साऱ्यांतून माती हाच एकमेव तरणोपाय, असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे होईल. गांदोच्या ठोकळ्यांत सिमेंट आहे, छपरात लोखंड आणि पत्रा आहे. रुद्रपूरच्या पायात भाजलेली वीट आणि प्लास्टिक आहे. मातीची निगा राखावीच लागते. कोकणात जांभा शोभेल, देशावर काळा दगड. जेथे भूकंपाचे भय आहे तेथे आणखी वेगळा विचार करावा लागेल. केरे किंवा हेरिंगर यांची नक्कल करणे म्हणजे त्यांचा धडा विसरणे होय. त्यांनी परक्या वस्तूला सरसकट हद्दपार केले नाही. ती नेमकी कोठे लागते, हे शोधले आणि तेवढीच वापरली.

म्हणून शाळेची नवी इमारत बांधू पाहणाऱ्या संस्थाचालकांनी, पालकांनी आणि धर्मग्रामांनी आराखड्यावर सही करण्यापूर्वी काही साधे प्रश्न विचारावेत. एप्रिलच्या दुपारी वीज गेली तर वर्गातली गरम हवा कोठून बाहेर पडेल? फळ्यावरचे अक्षर दिव्याशिवाय शेवटच्या बाकावरून दिसेल का? साहित्य किती दुरून येणार आणि खर्चातील किती पैसा गावातल्या हातांना मिळणार? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वीस वर्षांनी भिंतीला तडा गेला तर तो बुजवणारा माणूस गावात असेल का? गांदोतील गावकऱ्यांना या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक आहे. ज्यांनी ती भिंत बांधली, त्यांचीच मुले तिच्या सावलीत शिकली. ज्या इमारतीची डागडुजी तिच्या आसऱ्याला असलेल्यांच्या हाती आहे, तिलाच पक्की म्हणण्याचा अधिकार पोहोचतो.